आठवा दगड

पिंपळटोला, मंगळवार. पोळा होऊन पाच दिवस. सन १९५९.

सगळ्यात आधी आली ती शामकला. आपली शेजारीण शामकला तुला आठवतच असेल, जिच्या पोटात कुणाची गोष्ट एक रात्रही मुक्काम करत नाही. परवा इतवारी मी अंगणात अंबाडी खुडत बसली होती, तर ही पदर तोंडात धरून धावत आली. "वो बाई, तलावाच्या पारीवर पाहुणे येऊन राहिले. एक बाई आहे, संगं पोर आहे, बोली तिकडली आहे. आठवीची ओटी भरून राहिले."

मी म्हटलं, भरू दे. आठवीला आता तुमसरहून लोक येतात, त्यात काय नवल.

"नवल असं," शामकला म्हणे, "का त्या पोरीनं आठवीची बांगडी उचलली आन आपल्या हातात घातली!"

अंबाडी तशीच टाकली अन निघाली. माझे गुडघे आजकाल तलावाची पार चढताना कुरकुर करतात, पण त्या दिवशी तेही गुमान चालले. पाहते तर मोहाच्या झाडाखाली एक उंच बाई, अन तिच्यापुढं नऊ-दहा वर्षांची पोर, परकर वर खोचलेला, बोटानं दगड मोजून राहिली. आठपर्यंत आली अन थांबली. "फूफू," म्हणाली, तिकडं आत्याला फूफू म्हणतात, "पाण्यातल्या आसरा तर सात बहिणी म्हणतेस. मग ही आठवी कोण?"

विचारताना तिनं उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायावर ठेवला. तसं उभं राहणारं एकच लेकरू मी जन्मात पाहिलं आहे.

अगं, आशीर्वाद आधी लिहायचा असतो, तो राहूनच गेला. तर चि. प्रेमिला हिला तिच्या मायचे अनेक आशीर्वाद. बारा वर्षांचे एकदम. अक्षर वेडंवाकडं आहे, हसू नको. तू चवथीपर्यंत शाळेत गेलीस तेव्हा संध्याकाळी तुझ्या पाटीवर मी जे गिरवलं, तेवढीच माझी शाळा. दुसऱ्या कुणाकडून हे पत्र लिहून घेता येत नाही. का, ते तुला माहीतच आहे.

शामकला ओरडली, "ठेव पोरी, ठेव! पाण्यातल्या देवाचं लेणं आहे!" पोरगी म्हणाली, "मोर दाई घलो हरियर चूरी पहिरथे." म्हणजे माझी आईसुद्धा हिरव्याच बांगड्या घालते. शामकलाला ते समजलं नाही. मला समजलं. मी म्हटलं, "राहू दे वो शामकला. आठवीले लेकरू नाही. घालू दे एकीच्या हातात."

मग दोघींना घरी आणलं. पोळ्याच्या करंज्या उरल्या होत्या, चमेलीनं चार खाल्ल्या. चार! पाचवी हातात घेऊन कोंबड्यांच्या मागं पळाली. किती गोड नाव ठेवलंस ग. मी तिच्या डोक्याला तेल लावलं. केस तुझे आहेत, पण भोवरा दोन ठिकाणी आहे, तो तिच्या बापाकडचा, उदारामकडचा असेल. शामकला ताक आणायला गेली तेवढ्यात त्या उंच बाईनं, दुर्पतानं, मला सांगितलं, की ती उदारामची बहीण, की तुम्ही नांदगावात आहात, तो गिरणीत आहे, अन तू जिवंत आहेस. मी चुलीला धरून बसली. बारा वर्षं मीच लोकांना सांगत आली की आसरांनी नेलं, अन सांगता सांगता मलाच वाटाय लागलं होतं की खरंच नेलं असेल. एवढ्या वर्षांत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. दुर्पता म्हणे, "वयनीले माहीत झालं का गावात तिले मेली म्हून सांगतलं, म्हून तिनं लिहलं नाही." बरं.

पण तुला अजून एक माहीत नाही. तू गेलीस तेव्हा पारीवर सातच दगड होते. आठवा तुझ्या बाबांनी आणला. नाल्यातून खांद्यावर उचलून आणला, शेंदूर लावला. दर इतवारी तो धुतात. तुझ्या नावानं बायका आता नवस करतात. नंदाबाईला सात वर्षं लेकरू नव्हतं, तिनं आठवीला बोललं अन तिला चैतराम झाला. आता तूच सांग मी काय करू.

तुझे बाबा वावरातून आले तेव्हा चमेली बैलांपाशी उभी होती. शिंगांवरचा रंग अजून गेला नव्हता. तिनं विचारलं, "बाबा, तुमच्या बैलाचं नाव काय?" ते म्हणाले, "याचं ढवळ्या, त्याचं मोत्या." मग ढवळ्या कसा खोडकर, मोत्या कसा भित्रा, सारं सांगत बसले. एवढं बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नाही. मला विचारलं, "कोणाची पोर आहे वो?"

मी म्हटलं, "पाहुण्याची."

प्रेमिला, त्यांना माहीत नाही. गावाला जे सांगितलं तेच मी त्यांनाही सांगितलं होतं. दुर्पतानं निघताना विचारलं, तुमच्या घरी मासोळी नाही का रांधत, तलाव तर भरला आहे. मी काय सांगणार? एका बैठकीत अख्खी मरळ खाणारा माणूस, बारा वर्षांत त्यानं मासोळी तोंडात घातली नाही. म्हणतात, माझी पोर ज्या पाण्यात आहे त्या पाण्यातलं मी कसं खाऊ.

दोघी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला परत येतो म्हणाल्या. चमेलीला दंडारीचा नाच पाहायचा आहे. मंडईचा दिवस अजून ठरला नाही, ठरला की लिहिते. तू येशील काय?

तुझी माय

*

पिंपळटोला, मंगळवार. गणपती पाण्यात गेल्यावर.

तुझं पत्र मिळालं. बाबांनी विचारलं कोणाचं, तर मी म्हटलं, माझ्या बहिणीचं. ते म्हणाले, "तिले कधी लिहता याले लागलं?" मी म्हटलं, शिकली आता. पाहा, एका खोट्याला किती पिल्लं होतात.

पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा अक्षर लावायला, दुसऱ्यांदा समजायला, बाकी दोनदा रडायला. लिहिलंस, "तू मला जिवंतपणी मारलंस. आता मेलेल्या पोरीला ये कशी म्हणतेस?" आणि लिहिलंस, मंडईला येईन, दुर्पता अन चमेलीसोबत येईन, पण बाबांना आधी खरं सांगशील तरच. भूत म्हणून त्यांच्यापुढं उभी राहणार नाही.

कबूल आहे. सांगते. पण आधी तू माझं ऐक, कारण ती सकाळ तू पाहिली नाहीस, तू तोवर निघून गेली होतीस.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू पाण्याला गेलीस. मी तुझ्या मागं आली, कारण तू पाण्याची नवी पितळी गुंड चुलीपाशी ठेवून जुनी, चेपलेली उचलली होतीस. नवी गुंड तू कधी सोडत नव्हतीस, डोक्यावर मिरवायचीस. घाटावर गुंड होती, तिच्यावर चुंबळ, चुंबळीत तुझ्या हिरव्या बांगड्या. वाजू नयेत म्हणून काढल्या असशील. उदारामनं त्या वर्षी आपल्या तलावात जाळं टाकलं होतं अन तू दिवसातून चार वेळा पाणी आणत होतीस. तिघांच्या घराला किती पाणी लागतं? मी काही आंधळी नव्हती.

तेवढ्यात शामकला घागर घेऊन आली. "काय झालं वो? प्रेमिला कुठं आहे?" मागून आणखी दोघी. अन मला काय दिसलं सांगू? तुझे दोघे काका दिसले. ढिवराच्या पोरासोबत गेली हे त्यांच्या कानावर पडलं असतं, तर ते कुऱ्हाडी घेऊन तिरोड्याच्या टेशनावर पोचले असते. गाडी यायला अजून वेळ होता. समोर सात दगड होते. तोंडातून निघालं, "नेलं वो माय! आसरांनी नेलं माझ्या पोरीले!"

सारं गाव पाण्याकडं धावलं. काका सुद्धा. टेशनावर एकही माणूस गेला नाही.

म्हणून लिहिते. तू म्हणतेस मी तुला मारलं. पोरी, मी तुला गाडीत बसवलं.

पण पूर्ण खरं लिहायचं तर अर्धंच तुझ्यासाठी होतं. अर्धं माझ्या नाकासाठी. गाडी गेली तेव्हा मी तोंड उघडू शकत होती. दुसऱ्या दिवशी उघडू शकत होती. तुझे बाबा तीन दिवस पाण्यात बुड्या मारत होते. ढिवर लोक म्हणाले, यादोराव, आम्ही पाहतो, तुम्ही बाहेर या, तर नाही. ओठ निळे पडले होते. गाळातून काही हाताला लागलं की वर आणून पाहायचे. अन मी पारीवर बसून पाहत होती. तेव्हा सांगितलं असतं तर ते काकांना घेऊन तुमच्या मागावर कुठंपर्यंतही गेले असते, अशी भीती होती. मग वर्ष गेलं, अन आता सांगितलं तर मलाच घराबाहेर काढतील, अशी भीती आली. भीती बदलत गेली, मी तिथंच राहिली.

या आठ दिवसांत तीनदा सांगायला बसली. पहिल्यांदा ते जेवत होते, मी "ऐकता काय" म्हटलं अन त्यांना मिरची लागली, ठसका थांबेचना. दुसऱ्यांदा न्हावी दाढी करत होता, मी म्हटलं न्हावी जाऊ दे, तर न्हावी जाता जाता सुकराम पाटलाच्या घरच्या भांडणाची अशी गोष्ट सांगायला लागला की मीच बसून ऐकली. तिसऱ्यांदा सारं जमलं होतं, घरात कोणी नव्हतं, मी त्यांच्यापुढं बसली, तर शामकला विस्तव मागायला आली. तिच्या चुलीला बरा तोच मुहूर्त सापडतो.

सांगीन. मंडईच्या आधी नक्की सांगीन. चमेलीला माझा मुका. तिला शिंगाडे आवडतात काय? आता निघतील.

तुझी माय

*

पिंपळटोला, सोमवार. घट बसून तीन-चार दिवस.

प्रेमिला, मला एक उपाय सुचला आहे, अन तो इतका चांगला आहे की मीच माझी पाठ थोपटली.

तुला ती गोष्ट आठवते काय, माझी आजी सांगायची? जुन्या काळी आपल्या गावात कोणाच्या घरी लग्न असलं की तो माणूस पारीवर जाऊन आसरांना म्हणायचा, बायांनो, भांडी द्या. सकाळी पाण्याच्या काठावर चांदीची ताटं, वाट्या, पातेली, सारं मांडलेलं. काम झालं की घासून परत ठेवायची, त्या आत घेऊन जायच्या. मग एका बाईनं एक पळी ठेवून घेतली, तेव्हापासून भांडी येणं बंद झालं. तर मला वाटलं, ज्या देतात अन परत घेतात, त्या घेतात तर परतही देत असतील. नाही का?

म्हणून गेल्या सोमवारी घाटावर शामकलाला म्हटलं, "माझी आजी म्हणायची, आसरांनी नेलेलं माणूस बारा वर्षांनी परत येते." एवढंच. बाकी मला काही करायला लागलं नाही. दुपारपर्यंत ती गोष्ट बोदलकशाला पोचली. संध्याकाळी नंदाबाई हळद घेऊन आली, म्हणाली, "आजी, या दसऱ्याले बारा होतात न?" मी म्हटलं, "होतात वो." त्याच दिवशी दिवे लागायच्या वेळेला सात बाया माझ्या अंगणात. कोणी म्हणे, परत येणाऱ्या माणसाची सावली पडत नाही. कोणी म्हणे, पडते पण ओली पडते. शामकला म्हणे, मी परवाच भर दुपारी पारीवर सात जणी केस वाळवताना पाहिल्या, अन एकीनं आपल्या प्रेमिलासारखी वेणी घातली होती. पाहा आता! मी खोटं बोलली ते तोंड वर करून, ती तर डोळ्यांनी पाहून आली.

तर तू ये. पारीवरून ये. लोक पाया पडतील, काका सुद्धा पडतील. कोणी विचारणार नाही तू कोणाची बायको, चमेली कोणाची. पाण्यात झाली म्हणतील. अन बाबांना काही सांगायचंच काम नाही, त्यांची पोर त्यांना मिळेल. मला दोन दिवस झोप चांगली लागली.

पण एक गोष्ट झाली. परवा बाबा खाटेवर बसले होते. मला म्हणाले, "खरंच काय वो? बारा वर्सानं येतात?"

मी म्हटलं, "म्हणतात बा."

"तुह्या आजीनं पाहलं होतं?"

मी म्हटलं, "ऐकलं होतं."

काल तिरोड्याच्या बाजारात गेले. बाजारात ते कधी जात नाहीत, मीठ-मिरची मीच आणते. येताना काखेत कागदात बांधलेलं काहीतरी होतं. कोठीत ठेवलं अन कोठीची कडी लावली. आपल्या घरात कोठीला कडी कधी लागत नाही. मी विचारलं, काय आणलं? म्हणाले, "आहे एक."

तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. आज भातात दोनदा मीठ टाकलं. लवकर लिही, हा उपाय तुला पटतो काय. पटला नाही तरी लिही.

तुझी माय

*

पिंपळटोला, मंगळवार. दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी.

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं होतं. "मी आसरा नाही. गिरणीतल्या माणसाची बायको आहे. माझी पोर पाण्यात झाली नाही, माझ्या पोटी झाली. पाया पडून घ्यायला येणार नाही." बरोबर लिहिलंस. माझे कान धरून लिहिलंस. पण तोवर उशीर झाला होता.

काल सकाळी बाबांनी आंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसले. दाढी तर दसऱ्यालाच केली होती, तरी परत हात फिरवून पाहिला. मला वाटलं काकांकडं सोनं द्यायला राहिलं असेल. कोठीची कडी काढली, ते कागदाचं काढलं अन निघाले. मी विचारलं, कुठं? म्हणाले, "दुपारी त्या वर येतात न."

मी मागं गेली. ते आठव्या दगडापाशी पाण्याकडं तोंड करून बसले. ऊन चांगलंच तापलं होतं. खालच्या घाटावर बाया जमल्या होत्या, शामकला सगळ्यात पुढं, पण वर यायची हिंमत कोणाची नाही. मी जवळ गेली. मांडीवर कागद उघडला होता. लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं, कोरं.

मी म्हटलं, "हे कोणासाठी?"

म्हणाले, "तिचं लुगडं ओलं असन. बारा वर्साचं ओलं. म्हून आणलं."

प्रेमिला, मी सारं सांगितलं. एका दमात सांगितलं, मध्ये थांबली असती तर परत बोलता आलं नसतं. गुंड, बांगड्या, उदाराम, गाडी, काका. म्हटलं, ती पाण्यात कधी गेलीच नाही. नांदगावात आहे, बरी आहे. म्हटलं, पोळ्यानंतर आली होती ती पोर, ढवळ्याचं नाव विचारणारी, ती तुमची नात. आजीच्या गोष्टीत पळी ठेवून घेणारी बाई होती न, ती मीच. तुमची पोर ठेवून घेतली.

ते पाण्याकडंच पाहत होते. मग एकच विचारलं. "मी तीन दिवस बुड्या मारत होतो, तवा तुले माहीत होतं?"

मी म्हटलं, "होतं."

त्यांनी लुगड्याची घडी घातली. हळू घातली, काठाला काठ लावून. कागदात बांधलं, काखेत धरलं अन पार उतरून घरी गेले. माझ्यासाठी थांबले नाहीत. घाटावरच्या बायांनी वाट दिली. शामकलानं विचारलं, "काय म्हणे वो, दिसली काय?"

मी म्हटलं, "नाही दिसली."

घरी आले, बैल सोडले अन वावरातल्या राखणीच्या खोपडीत गेले. काल रात्री तिथंच राहिले. मी आज भाकर घेऊन गेली, ती खाल्ली, भांडं धुऊन माझ्यापुढं ठेवलं. बोलले नाहीत. चिडले असते तर बरं होतं. मंडईला यायचं की नाही, हे मी आता कशी लिहू? तू म्हटलं होतंस सांग, मी सांगितलं. पुढचं माझ्या हातात नाही. थोडं थांब.

तुझी माय

*

पिंपळटोला, शनिवार. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी.

चार दिवस गेले. आधी गावाचं लिहिते, मग घरचं.

बुधवारी मी स्वतः शामकलाच्या घरी गेली. म्हटलं, बस, तुला काही सांगायचं आहे. तिला सांगितलं म्हणजे डांगोरा पिटायला वेगळा माणूस लागत नाही. सारं ऐकून ती किती वेळ गप्प बसली, मी घाबरलीच, शामकला गप्प बसली म्हणजे मोठीच गोष्ट. मग म्हणाली, "म्हणजे मी त्या दोन कोंबड्या कोणाले कापल्या?"

मी म्हटलं, "कोणत्या कोंबड्या?"

"एक आमच्या सेवकरामच्या तापाच्या वेळी, एक मैस येली, वगार झाली तवा. आठवीच्या नावानं! काळी कोंबडी होती माही, रोज अंडं देत होती." अन उठून भांडायलाच लागली. बारा वर्षं मला खोटं सांगितलं, माझ्या घरातला विस्तव घेऊन जाते अन मला खोटं सांगते. विस्तव तीच घेऊन जाते, पण ते मी बोलली नाही. मी माझी तांबडी तलंग उचलून तिच्या दारात सोडली. तिनं घेतली, पण अजून बोलत नाही माझ्याशी. सांगून मात्र आली साऱ्या गावाला. काका आले होते, अंगणात उभं राहून ओरडून गेले. ओरडले, पण कुऱ्हाड नव्हती हातात. म्हातारे झाले ग तेही, बोलताना धाप लागते.

नंदाबाईची मला जास्त भीती होती. ती चैतरामला कडेवर घेऊन आली. पाच वर्षांचा घोडा आहे, तरी कडेवर. डोळे भरलेले. म्हणे, "आजी, मग माझा चैतराम कोणं देला?"

मी म्हटलं, "सात तर आहेत न वो बाकीच्या. त्यातल्याच एकीनं देला असन." तिनं चैतरामला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "दगड मात्र काढू नका. मी त्याले दर इतवारी दूध देतो." तर दगड तिथंच आहे. तू आलीस तर पाहशील, शेंदूर जाड झाला आहे. हात लावू नको, नंदाबाई ओरडेल.

आता घरचं.

बाबा खोपडीतून रोज बैलांसाठी येत, चारा टाकत, जात. मी भाकर नेत असे. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी. एक शब्द नाही. काल कोजागिरीचं दूध नेलं, तर पेला तसाच ठेवला, त्याच्यात चिलटं पडली. मी घरी येऊन रडली. मला वाटलं आता असंच चालायचं. या वयात दोन चुली.

आज दुपारी मी भात वरपून बसली होती, तर दारात पावलं वाजली. बाबा. धोतर मांडीपर्यंत ओलं, हातात गळ, अन पळसाच्या पानावर एक मरळ. हातभर लांब, अजून कल्ले हलवत होती. चुलीपाशी आणून ठेवली.

म्हणाले, "रांध."

प्रेमिला, बारा वर्षं मी मासोळी चिरली नाही, राख कुठून लावायची तेच विसरली. चिरताना बोटच कापलं. घरात जवसाचं तेल होतं, ते टाकलं, आंब्याच्या वाळलेल्या फोडी टाकल्या. वास सुटला तशी शामकला भिंतीपलीकडून खोकली, पण आली नाही. त्यांनी पाटावर बसून खाल्ली. हळूहळू, काटे काढून ताटाच्या कडेला रांगेनं लावत. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हते. मी समोर बसली होती. मी विचारलं नाही, तुम्ही मला माफ केलं काय. विचारायची माझी छाती नाही. जेवण झाल्यावर म्हणाले, "मीठ कमी आहे." अन परत खोपडीत गेले.

तुला ये म्हणाले काय? नाही म्हणाले. येऊ नको, असंही म्हणाले नाहीत. ते हिरवं लुगडं कोठीत नाही, मी पाहिलं. ओसरीत खुंटीवर टांगलं आहे, कागद काढून, दारातून येणाऱ्याला दिसेल असं. अन जाताना ढवळ्याच्या शिंगांकडं पाहून एवढं बोलले, "रंग उडाला. परत लावा लागन." पोळा तर गेला, आता कोणासाठी रंग लावतात, ते मला विचारू नको.

चमेली अन दुर्पता मंडईला परत येतो म्हणून सांगून गेल्या होत्या. काल कोजागिरीला गाव बसलं अन मंडईचा दिवस ठरला. दिवाळीनंतरचा दुसरा बुधवार, अकरा नोव्हेंबर. ठरला की लिहिते म्हटलं होतं, म्हणून लिहिलं.

तुझी माय